इरावती कर्वे : पदवी १९३० ची, विषयातली नोकरी १९३९ ची

बारावीचे निकाल लागले, की सोलापुरातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : ही पदवी घेऊन पुढे नोकरी कोणती मिळणार? मानववंशशास्त्रासारख्या विषयाचे नाव निघाले, तर या प्रश्नाला अधिकच धार येते. महाराष्ट्रात या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, त्या डॉ. इरावती कर्वे यांनाही हा प्रश्न चुकला नव्हता.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातील. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्याच्या हुजूरपागेत धाडण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या मुलीप्रमाणे वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये त्यांनी समाजशास्त्राची एम.ए. पदवी मिळवली.

त्यानंतरचा टप्पा जर्मनीचा. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे सासरे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना सुनेचे परदेशी जाणे मात्र पसंत नव्हते. पती दिनकर कर्वे ठामपणे पाठीशी उभे राहिले. खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेण्यात आले. म्हणजे या पदवीचा पहिला आर्थिक हिशेब खर्चाच्या बाजूचा होता.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मानवी कवटीच्या दोन्ही बाजूंतील असमानतेचा संबंध वंशश्रेष्ठत्वाशी जोडणारा सिद्धान्त त्यांना सिद्ध करावयाचा होता. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापे घेतली आणि असा कोणताही संबंध आढळत नसल्याचा निष्कर्ष मांडला. मार्गदर्शकांना न रुचणारे हे उत्तर देऊनही त्यांनी १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

मायदेशी परतल्यावर मात्र या विद्येला गिऱ्हाईक नव्हते. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी महर्षींनीच स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. ते काम कार्यालयीन स्वरूपाचे होते. बर्लिनमध्ये शिकलेल्या मानवमितीचा तेथे उपयोग नव्हता. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि तेथे त्यांची समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून नेमणूक झाली. पदवी आणि विषयातली नोकरी यांत नऊ वर्षे गेली.

ही नऊ वर्षे त्या काढू शकल्या, याचे एक कारण घरातील दुसरे वेतन होते. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाला किंवा विडी कामगाराच्या मुलीला इतका अवकाश मिळत नाही. इरावतीबाईंचे उदाहरण देताना ही बाब विसरून चालणार नाही.

डेक्कन कॉलेजात आल्यानंतर त्यांच्या विद्येचे मोल दिसू लागले. मोजमापाची साधने घेऊन त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली. १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘युगान्त’ या महाभारतावरील पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सोलापूरकरांना त्यांचे विशेष जवळचे लेखन म्हणजे वारीवरील. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या स्वतः पंढरपूरपर्यंत चालल्या. भजनात एक होणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवणाच्या वेळी वेगळे होतात, हे त्यांनी टिपले आणि त्याची खंत व्यक्त केली. पंढरीला जाणाऱ्यांचा प्रदेश तोच महाराष्ट्र, अशी ओळख त्यांना या वाटेवर पटली. या लेखाचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्या थेट व्यवहाराच्या प्रश्नांकडे वळल्या. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह पाहणी केली; तिचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. फलटणसारखे वाढते गाव आणि आठवडी बाजार हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. उजनीच्या पाण्याखाली गावे गेलेल्या सोलापूर जिल्ह्याला अशा पाहणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. घर, शेत, देवस्थान आणि सोयरीक यांपैकी काय भरून मिळाले आणि काय नाही, हे नुकसानभरपाईच्या तक्त्यात उमटत नाही. त्यासाठी माणसांत जाऊन बसणारा अभ्यासक लागतो.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले. त्यांच्या काळाच्या तुलनेत आज वाटा अधिक आहेत. कोलकात्याचे भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालये, पुनर्वसनाच्या पाहण्या अशी क्षेत्रे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषयही आहे. जागा मात्र मोजक्याच असतात. या पदवीकडे वळणाऱ्याने पहिल्या पगाराची घाई किती आहे, याचा हिशेब घरच्यांसमवेत आधीच मांडावा आणि जोडीला उपजीविकेचे एखादे कौशल्य हाताशी ठेवावे. इरावतीबाईंनीही पाच वर्षे कचेरीचे काम सांभाळले होते.