फ्लॉरेन्स नाइटिंगेल : रुग्णसुरक्षेच्या आद्य पुरस्कर्त्या

हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची सर्वपरिचित प्रतिमा. मात्र, रुग्ण केवळ आजाराने नव्हे, तर रुग्णालयातील हलगर्जीपणानेही दगावतो, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. त्यांचे हे कार्य त्या दिव्याहूनही मोलाचे आहे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शुश्रूषेचा मार्ग निवडला. क्रिमियन युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे जखमांपेक्षा हगवण, कॉलरा यांसारख्या रोगांनीच अधिक सैनिक मरत होते. नाइटिंगेल यांनी स्वच्छ कपडे, अंथरुणे आणि आहाराची व्यवस्था लावली; तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. इमारतीखालची गटारे तुंबली होती. मार्च १८५५ मध्ये आलेल्या सरकारी पथकाने ती साफ करवून घेतली, हवा खेळती केली. फेब्रुवारीत शंभर रुग्णांमागे ४२ वर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत दोनच्या आसपास आले.

मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साह्याने त्यांनी या मृत्यूंचा हिशेब मांडला. टाळता येण्याजोगे मृत्यू किती, हे राज्यकर्त्यांच्या एका दृष्टिक्षेपात ध्यानी यावे म्हणून रंगीत आकृत्या काढल्या. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

१८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात त्यांनी परिचारिकेवर स्पष्ट जबाबदारी टाकली. दिवसातून वारंवार हात धुणे, रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करणे आणि आपण नसतानाही काम चुकणार नाही अशी व्यवस्था लावणे, हे त्यांचे आग्रह होते. रुग्णाला अंथरुणात पडून व्रण झाले, तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा, असे त्यांचे मत होते. रोग दूषित हवेतून पसरतात ही त्यांची त्या काळची समजूत पुढे मागे पडली. स्वच्छतेचा आग्रह मात्र टिकला.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावे परिचारिका प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी दिव्याबरोबरच धुतलेल्या हातांचे आणि प्रामाणिक नोंदींचेही स्मरण व्हायला हवे. रुग्णाचा जीव आजही त्यांवरच विसंबून असतो.