भूछत्रांचा अभ्यासक पेर्सोन

पावसाळ्यांत तळेगांवच्या माळावर उगवलेली कुत्र्याची छत्री आपण पायानें उडवून पुढें जातों. अशा तुच्छ मानलेल्या वस्तूच्या अभ्यासांत ज्यानें आपलें सारें आयुष्य वेंचलें, त्या ख्रिश्चियान हेंड्रिक पेर्सोन ह्याची ही हकीकत आहे.

पेर्सोनचा जन्म १७६१ सालीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास, केप येथें झाला. तो तान्हा असतांनाच आई वारली. १७७५ त बापानें त्यास शिक्षणासाठीं युरोपांत धाडलें, आणि पुढच्याच वर्षीं बापही निवर्तला. हा पोरका मुलगा मायभूमीस पुन्हां कधींच परतला नाहीं. त्यानें प्रथम धर्मशास्त्राचा व मागाहून वैद्यकाचा अभ्यास केला. पण त्याचें मन रानांतील भूछत्रांतच रमलें.

त्या काळीं खालीं पडदे असलेल्या बहुतेक सर्व छत्र्या एकाच नांवाखालीं घालीत. पेर्सोननें त्यांतून १७९६ त ‘रुसुला’ व १७९७ त, चिरल्यावर दुधासारखा चीक गाळणारी, ‘लॅक्टेरियस’ ह्या जाती वेगळ्या केल्या. आज हीं दोन्हीं एकाच कुळांत गणतात. इतर छत्र्यांचा गर तंतूंचा असतो. ह्यांच्या गरांत तंतूंबरोबर गोल पेशींचे पुंजके असतात, म्हणून तो खडूसारखा कटकन् मोडतो. मध्य हिंदुस्थानच्या सालवनांत रुसुला उगवते. तिचे तंतू झाडाच्या मुळांस वेढून त्यांस पाणी व क्षार पुरवितात, आणि झाड तिला साखर देतें.

१८०१ त पेर्सोनचा भूछत्रांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ह्या शास्त्राचा पाया घातला गेला. तथापि ग्रंथानें कीर्ति दिली, भाकर दिली नाहीं. पॅरिसमध्यें तो एकटाच, अत्यंत दारिद्र्यांत राहिला. उतारवयांत त्यानें जन्मभर जमविलेला वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रह डच सरकारास दिला व त्याबदल्यांत तहहयात वेतन घेतलें. १८३६ त तो पॅरिस येथेंच वारला. संग्रह मात्र हॉलंडांत लायडन येथें अद्याप जपलेला असून अभ्यासक तो आजही पाहतात.

मित्रहो, रानांतील छत्री ओळखीवांचून कधींही खाऊं नका; परंतु ती तुडवूंही नका. क्षणभर खालीं वांकून पाहा. पोरक्या पेर्सोनचें थोरपण अशा वांकून पाहण्यांतच होतें.