बादशाह खान : आधी आचरण, मग उपदेश

तरुणांना वळण लावण्याचे काम उपदेशाने थोडे आणि आचरणाने अधिक होते. खंदकाच्या खोदाईत प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः माती वाहत होते. ही सुन्नत आपल्या काळात ज्यांनी जिवंत ठेवली, त्यांत खान अब्दुल गफ्फार खान यांचे नाव आदराने घ्यावे लागेल.

१८९० मध्ये पेशावर खोऱ्यातील उतमानझई गावी बहराम खान या जमीनदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. सैन्यातील अधिकारपद त्यांना मिळत होते. परंतु एका हिंदी अधिकाऱ्याचा इंग्रजाने केलेला अपमान पाहून त्यांनी ते नाकारले. निरक्षरता आणि पिढीजात सूडवैर यांनी पठाण समाज पोखरला होता. १९२१ मध्ये त्यांनी गावात आझाद शाळा काढली आणि आपला मुलगा गनी यालाही तेथेच घातले.

सरकारने वडिलांमार्फत शाळा बंद करण्याचा दबाव आणला. मुलाने नम्रपणे विचारले, की सरकारने नमाज सोडण्यास सांगितले तर आपण मला तसा आदेश द्याल काय? शिक्षण देणे हेही तसेच कर्तव्य आहे. वडिलांना ते पटले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना अटक होऊन तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. बेड्या आल्या, जाते ओढावे लागले. पण शाळा सोडली नाही.

१९२९ मध्ये त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’ संघटना उभारली. हिंसा व सूड न करण्याची आणि रोज किमान दोन तास समाजसेवा करण्याची शपथ प्रत्येकाला घ्यावी लागे. २३ एप्रिल १९३० रोजी खान साहेबांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. नेता समोर नसतानाही खिदमतगारांनी शस्त्र उचलले नाही. तरबियतीची खरी परीक्षा हीच होय.

१९३४ मध्ये सरहद्द प्रांतात प्रवेशबंदी झाल्यावर ते आपल्या वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले आणि तेथेच पुन्हा पकडले गेले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचे निधन झाले.

मकतबात, मोहल्ल्याच्या मंडळात मुलांना शिकविणाऱ्या बंधुभगिनींनो, मुले आपले भाषण विसरतील. आपली फजरची नमाज, आपला राग आणि आपला संयम मात्र विसरणार नाहीत. अल्लाह आपल्या करणीला आपल्या कथनीइतके सुंदर करो. आमीन.