शिसव, ऐन आणि लिओ फेंडर

गोष्ट गेल्या वर्षीची. फिरोदियाच्या तालमी चालू होत्या आणि मी पासआउट झालेल्या एका सीनियरकडून सेकंडहँड स्क्वायर गिटार घेतली होती. फिंगरबोर्ड रोझवूडचा आहे, असं घेताना सांगण्यात आलं होतं. (फिंगरबोर्ड म्हणजे गिटारच्या मानेवरची पट्टी. तिच्यावर पडदे बसवलेले असतात आणि आपली बोटं टेकतात.) महिनाभराने रूमवर आलेल्या एका जाणकाराने गिटार उलटसुलट करून निकाल दिला, की हे रोझवूड नाही, इंडियन लॉरेल आहे. झालं! त्या रात्रीपासून मला माझ्याच गिटारचा आवाज खटकायला लागला. नवी मान बसवायची म्हणून पैसे साठवायला लागलो, दोन आठवडे रात्रीचं जेवण वडापाववर भागवलं. त्याच दिवसांत सबमिशन टाळून लिओ फेंडर या माणसाबद्दल मिळेल ते वाचत बसलो आणि माझा बेत बदलला. कसा, ते सांगतो.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, कॅलिफोर्नियातला. आईवडील संत्र्यांच्या बागा करणारे, म्हणजे आपल्या नागपूरकडचंच घर म्हणा ना! लहानपणीच त्याचा एक डोळा गेला, तिथे काचेचा बसवला. रेडिओ उघडून जोडायचा नाद शाळेपासूनचा. पण कॉलेजात शिकला काय, तर अकाउंटिंग! इंजिनियरिंगची पदवी त्याने कधी घेतलीच नाही. मंदीत हिशेबनिसाची नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वादक मंडळी आपले बिघडलेले अँप्लिफायर तिथे घेऊन येत. कुठली वस्तू कुठे मोडते, हे लिओ या दुकानात शिकला. आणि गंमत म्हणजे, गिटार वाजवायला तो आयुष्यात कधी शिकला नाही.

१९५० साली त्याने भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. १९५१ पासून तिचं नाव टेलिकास्टर. मग १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर आली, जिची नक्कल पुढे सगळ्या जगाने केली. मेकॅनिकलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. त्या काळी चांगल्या गिटारची मान बहुधा खाचेत सरसाने चिकटवत. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. बिघडली की काढा, दुसरी लावा! शिवाय फिंगरबोर्डची वेगळी पट्टी चिकटवायचा खटाटोपही त्याने काढून टाकला. मॅपलच्या एकाच तुकड्यातून मान काढायची आणि पडदे थेट तिच्यातच ठोकायचे. सगळ्या तारा मिळून मानेला साधारण ४० किलो वजनाइतक्या ओढतात. पण मॅपल तेवढं सोसेल असं धरून पहिल्या काही गिटारींत त्याने आत सळई घातलीच नव्हती. माना वाकायला लागल्या, तशी त्याने चूक सुधारली. मागून खाच पाडून पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, बसवला आणि खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवली.

आता खरा मुद्दा. गिटारला फिंगरबोर्ड रोझवूडचा किंवा एबनीचा असायचा, ही जुनी रीत. म्हणजे लिओचं मॅपल हेच मुळात पर्यायी लाकूड होतं! पण मॅपलवरचा लाखेचा थर बोटांनी झिजायचा आणि खालचं गोरं लाकूड मळकट दिसायचं. हे लिओला आवडेना. म्हणून १९५८ च्या जॅझमास्टरला त्याने रोझवूडची पट्टी लावली आणि १९५९ पासून बाकीच्या गिटारींनाही. ज्या रोझवूडसाठी मी उपाशी राहत होतो, ते या माणसाने मळ दिसू नये म्हणून निवडलं होतं!

सुरुवातीला ते ब्राझीलचं रोझवूड होतं, पुढे भारतीय आलं. भारतीय रोझवूड म्हणजे कोण? आपली शिसव! पुण्यातल्या जुन्या वाड्यांत शिसवी कपाटं, पलंग असायचे, तीच. ब्राझीलच्या रोझवूडवर १९९२ साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या भाऊबंदांना परदेशी पाठवायला परवाने लागू लागले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ मध्ये. मधल्या काळात कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींना पाउ फेरो लावलं आणि स्क्वायरला आलं इंडियन लॉरेल. हे लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. ट्रेकला जाताना मगरीच्या पाठीसारखी साल असलेलं झाड दिसतं ना, तेच. त्याला टेकून मी कित्येकदा डबा खाल्लाय, आणि गिटारवर मात्र ओळखलं नाही.

लिओने आजारपणामुळे १९६५ साली कंपनी १३ दशलक्ष डॉलरना विकली. पुढे बरा झाला, पण स्वस्थ बसला नाही. आधी म्युझिक मॅनसाठी आणि मग जी अँड एल या नव्या कंपनीत गिटारी बनवत राहिला. पार्किन्सन्सने हात थरथरत असतानाही काम सुटलं नाही. २१ मार्च १९९१ ला तो गेला.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप तारेचं कंपन टिपतो. त्यात फिंगरबोर्डच्या लाकडाचा वाटा किती, यावर वादक आजही भांडतात. मी भांडण सोडून दिलं आणि लिओसारखा आधी बिघाड शोधला. ट्रस रॉड जास्त आवळलेला होता, त्यामुळे तार पडद्यांवर घासत होती. षटकोनी पाना घेऊन थोडा थोडा सैल केला, एका संध्याकाळीत खरखर गेली. साठवलेले पैसे मेसच्या थकबाकीत गेले. प्रयोग झाला, तेव्हा लाकूड कुठलं म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही.

असो. ऐनाची ती गिटार अजून माझ्या रूममध्येच आहे. ज्याला वाजवायची असेल त्याने खुशाल यावं, फक्त ओरलच्या आदल्या रात्री नको!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)