नारळीकरांच्या खात्यावर काय जमा?

शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, यावरून शास्त्रज्ञाची योग्यता ठरविण्याची रीत आता रूढ झाली आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांकन आणले, तेव्हा अंधेरी-घाटकोपरच्या महाविद्यालयांतील अध्यापकांनाही हा हिशेब मांडावा लागला. याच मापाने विष्णु वासुदेव नारळीकरांना मोजू गेल्यास काय होईल?

कोल्हापुरात १९०८ साली जन्मलेले नारळीकर मुंबईत पदवी घेऊन केंब्रिजला गेले आणि १९३२ साली, ऐन चोविशीत, मालवीयजींच्या बोलावण्यावरून काशी हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. सापेक्षतावाद जाणणारे देशात मोजकेच असताना त्यांनी तेथे त्याची परंपरा उभी केली. १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण गाठीच्या पैशांवर त्यांच्याकडे शिकावयास आला. श्वार्झशिल्डचे १९१६ चे उत्तर ताऱ्याचा प्रकाश हिशेबात धरीत नव्हते. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वक्षेत्र वैद्यांनी १९४३ साली मांडले. त्याचे खरे मोल जगाला कळले ते १९६३ मध्ये क्वासारांचा शोध लागल्यानंतर! काशीचेच करमरकर यांचा १९४८ चा निबंध तर दीर्घकाळ उपेक्षित राहिला. आज अतिघन ताऱ्यांचे अभ्यासक ‘करमरकर अट’ पदोपदी वापरतात.

दोन्ही निबंधांवर नाव एकट्या विद्यार्थ्याचे आहे. नारळीकर १९९१ साली निवर्तले. त्या निबंधांचे संदर्भ अद्याप वाढतच आहेत, आणि त्यांतील एकही गुरूच्या खात्यावर जमा होत नाही.