फ्रिजच्या वायूचा जनक

एप्रिल १९३०. अटलांटा शहरात अमेरिकन केमिकल सोसायटीची सभा भरली होती. एका अभियंत्याने सर्वांसमोर एक वायू छातीत भरून घेतला आणि पेटत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, अभियंत्याला काहीच झाले नाही. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत दिसले. ते अभियंता म्हणजे थॉमस मिजले.

त्यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स येथे झाला. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. रसायनशास्त्र ते काम करता करता शिकले. १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून त्यांनी इंजिनाचे नॉकिंग थांबवले. त्या शिशाची बाधा खुद्द त्यांना झाली, कारखान्यांतील कामगारही दगावले. तरीही शिसेयुक्त पेट्रोल जगभर पसरले.

१९२८ मध्ये त्यांच्यापुढे प्रश्न आला तो फ्रिजचा. तेव्हा फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरत. नळी गळली, तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेतत असे. मिजले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन, क्लोरिन आणि फ्लोरिन यांचे संयुग निवडले. त्याच्या रेणूतील बंध इतके पक्के, की ते सहजी तुटत नाहीत. हाच वायू फ्रिऑन या नावाने घरोघरी पोहोचला.

१९४० मध्ये मिजले यांना पोलिओने अपंगत्व आले. २ नोव्हेंबर १९४४ रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रिऑनची दुसरी बाजू त्यांना कधीच कळली नाही.

ती १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी मांडली. न तुटणारा हा वायू वर्षानुवर्षे हवेत टिकतो आणि हळूहळू वरच्या थरांत पोहोचतो. तिथे अतिनील किरणांनी त्यातला क्लोरिन सुटतो आणि ओझोनचा नाश करतो. ओझोन विरळ झाला, की त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. शिवाय वजनास वजन धरले, तर शंभर वर्षांच्या काळात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट उष्णता रोखतो.

१९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याला आवर घातला. त्याच्या जागी आलेल्या एचएफसी वायूंनी ओझोन वाचला, पण तापमानवाढीचा प्रश्न उरला. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे तेही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. आज अनेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन (आर-६००ए), तर काही एसी आणि हीट पंपांमध्ये प्रोपेन (आर-२९०) असतो. हवामानाला त्यांचा उपद्रव फारच कमी, पण हे वायू पेट घेतात. त्यामुळे यंत्रात ते मोजकेच भरतात आणि दुरुस्तीला प्रशिक्षित माणूसच लागतो. मिजले यांनी खोलीतला धोका दूर केला होता. आता खोली आणि आकाश, दोन्हींकडे पाहावे लागते.