महर्षी धोंडो केशव कर्वे

महर्षी कर्वे यांचे पूर्ण नाव धोंडो केशव कर्वे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली या त्यांच्या आजोळी झाला. त्यांचे गाव मुरूड. ते गाव दापोली तालुक्यात समुद्राच्या काठी आहे. घरची फार गरिबी होती.

अण्णा अंगाने अगदी लहानखुरे होते. १८७५ साली त्यांना सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला जायचे होते. तेव्हा एस.टी. नव्हती. अण्णा आणि त्यांचे सोबती घाट चढून, रानातून चालत शंभराहून जास्त मैल गेले. तिथे गेल्यावर साहेबांनी त्यांच्याकडे बघितले आणि हा तर लहान पोर आहे म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. एवढे चालून पाय दुखले ते फुकटच गेले. पण अण्णांनी शाळा सोडली नाही. पुढच्या साली कोल्हापूरला जाऊन ते पास झाले. पुढे ते मुंबईला शिकून बी.ए. झाले. गणित हा त्यांचा विषय.

त्यांच्या पत्नीचे नाव राधाबाई. १८९१ साली राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ लहान होता. अण्णांना फार दुःख झाले. त्याच साली ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले.

त्या काळी बायको मेली की पुरुष लगेच दुसरे लग्न करी. पण नवरा मेला तर बाईला लग्न करता येत नसे. तिचे केस कापत, तिला कोपऱ्यात बसवत. काही विधवा तर आमच्या वर्गातल्या मुलींएवढ्या असत. अण्णांनी ठरवले की लग्न केले तर विधवेशीच करायचे. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई आठ वर्षांच्या असतानाच विधवा झाल्या होत्या. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेवले. त्यांना सगळे बाया म्हणत. मुरूडचे लोक रागावले आणि त्यांनी अण्णांना वाळीत टाकले. स्वतःच्या गावात स्वतःच्या घरी जाता येईना, म्हंजे किती वाईट वाटले असेल!

पण अण्णा उलट रागावले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली पुण्याजवळ हिंगणे गावी माळावर झोपडी बांधून आश्रम तिथे नेला. दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि मग चिखल तुडवत हिंगण्याला जायचे. १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

मला वाटले होते की म्हातारपणी माणूस नुसता बसून राहतो. पण अण्णा सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान इतके देश फिरून आले. १९३६ साली ते ७८ वर्षांचे होते. तेव्हा ज्या खेड्यांत शाळा नव्हती तिथे शाळा काढायला त्यांनी एक मंडळ काढले आणि त्यासाठी दारोदार जाऊन थोडे थोडे पैसे गोळा केले. हे मला सगळ्यात आवडले, कारण आमची शाळा पण खेड्यातली आहे.

१९५० साली बाया वारल्या. १९५३ साली मुलगा रघुनाथही वारला. म्हाताऱ्या बापाच्या डोळ्यांसमोर मुलगा गेला. तरी अण्णांनी धीर सोडला नाही. १९५८ साली त्यांना शंभर वर्षे पुरी झाली. त्या साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्यांचे चित्र पोस्टाच्या तिकिटावर आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले. हिंगण्याच्या त्या भागाला आता कर्वेनगर म्हणतात.

आमच्या घरी आजी आहे. गेल्या दिवाळीच्या आधी आजोबा वारले. तेव्हापासून आजी ओट्यावर बसून राहते. हळदीकुंकवाला कुणी बोलावले नाही तर गप्प होते. आपले आता काय राहिले, असे म्हणते. मी हा धडा लिहिताना तिला सगळा वाचून दाखवला. राधाबाई वारल्या तिथे तिने डोळे पुसले. ७८ वर्षांचे अण्णा शाळेसाठी फिरत होते हे ऐकून तिने मला परत वाचायला लावले. आजीला सही येत नाही, ती अंगठा लावते. मी तिला म्हटले, मी तुला नाव लिहायला शिकवतो. ती हसली, अजून हो म्हणाली नाही. पण काल संध्याकाळी बघितले तर माझी जुनी पाटी कुणीतरी धुऊन ओट्यावर वाळत ठेवली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी पण आजी-आजोबा असतील. त्यांना अण्णांची गोष्ट जरूर वाचून दाखवा.

— इयत्ता ४ थी